शाळागल्लीचा रस्ता

बोरपेठ, ता. १२ ऑगस्ट १९३४

प्रिय रेवा,

दोन महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. रागावली असशील. रागाव, पण पुढचं वाच, कारण मला तुझी गरज पडली आहे.

आमची शाळागल्ली तू पाहिलेली नाहीस. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, मधोमध आमची मुलींची शाळा आणि तिच्या सगळ्या खिडक्या रस्त्यावर. कापसाच्या गाड्या आजवर तळ्याच्या वाटेनं सरकी काढायच्या जिनला जायच्या. ती वाट लांबची आणि खड्ड्यांची. म्हणून म्युनिसिपालिटीनं बेत केलाय की शाळागल्ली रुंद करायची, दगड बसवायचे आणि सगळ्या गाड्या इकडून न्यायच्या. कचेरीच्या भिंतीवर नकाशा लावलाय. दवंडीही पिटली: ज्याला हरकत असेल त्यानं महिन्याच्या आत लेखी कळवावं, सगळ्या हरकती सभेत वाचून मग निर्णय होईल.

हंगामात दिवसाला दोनशे गाड्या येतात, रेवा. लोखंडी धावांची चाकं दगडावरून जायला लागली तर वर्गात काय ऐकू येणार? मी घरोघर फिरले. सत्तेचाळीस सह्या आणि अंगठे मिळाले. पण अध्यक्ष हिंमतराव म्हणाले, "बाई, तुमची शाळा, तुमची तक्रार. लोक म्हणतील, बाईंना कष्ट नकोत. बाहेरगावच्या जाणत्या शिक्षिकेचं मत आणा, मग मला सभेत बोलता येईल."

मी लगेच तुझं नाव सांगितलं. धुळ्याला ट्रेनिंगला आपल्या वर्गात पहिली आलेली बाई, म्हटलं. तेवढं एक पत्र त्यांच्या नावानं पाठव.

आता चौसष्ट मुली आहेत माझ्याकडे. परवा जागा नाही म्हणून दोघींना परत पाठवावं लागलं, फार वाईट वाटलं. तुझ्याकडे किती झाल्या? कळव.

तुझीच,
गुलाब


तळोदे, ता. २४ ऑगस्ट १९३४

प्रिय गुलाब,

पत्र पोचलं. चौसष्ट मुली म्हणजे कौतुकच आहे. माझ्याकडे एकोणीस आहेत, त्यातल्या पाच-सहा शेतीच्या कामांत घरीच राहतात. मुली परत पाठवण्याचं दुःख माझ्या वाट्याला अजून आलेलं नाही.

तुझ्या सत्तेचाळीस सह्यांचं मला नवल वाटलं नाही. तुला माणसं जमतात. ट्रेनिंगला असतानाही मेट्रन मला भात उरला नाही म्हणायची आणि तुझ्यासाठी झाकून ठेवायची. बोरपेठच्या जागेसाठी आपण दोघींनी अर्ज केला होता, आठवतं? मार्क माझे जास्त होते. कमिटीपुढे तू एक कविता म्हटलीस आणि ते सगळे माना डोलवायला लागले. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होते. छानच म्हटलीस.

हे सहज आठवलं म्हणून लिहिलं, मनात धरू नकोस.

पत्र लिहिते. नीट विचार करून लिहावं लागेल, कारण माझं नाव खाली जाणार. आमच्याकडेही मंगळवारच्या बाजाराचा गलबला असतो. त्यात मी शिकवतेच.

प्रकृती सांभाळून असावं.

रेवा


तळोदे, ता. १ सप्टेंबर १९३४

मेहेरबान अध्यक्षसाहेब, म्युनिसिपालिटी, बोरपेठ यांचे सेवेशी,

विनंती विशेष. तेथील मुख्य शिक्षिका गुलाबबाई यांच्या सांगण्यावरून मी माझे मत कळवीत आहे. मी आठ वर्षे शिकवीत असून ट्रेनिंगच्या परीक्षेत माझा क्रमांक पहिला होता.

माझ्या शाळेशेजारी दर मंगळवारी बाजार भरतो. त्यामुळे अध्यापनात खंड पडल्याचे मला आढळलेले नाही. वर्ग शिक्षिकेच्या शिस्तीवर आणि आवाजाच्या जोरावर चालतो, खिडकीबाहेरच्या शांततेवर नव्हे. ज्या शिक्षिकेला आपले काम येते तिला रस्त्याची अडचण वाटू नये. एका शाळेच्या सोयीसाठी साऱ्या गावाचा व्यापार अडवावा, असे मला वाटत नाही.

मत मागितले म्हणून प्रांजळपणे लिहिले आहे.

आपली आज्ञाधारक,
रेवाबाई, मुलींची शाळा, तळोदे


बोरपेठ, ता. ५ सप्टेंबर १९३४

प्रिय रेवा,

कचेरीतला कारकून म्हणाला, तळोद्याहून पाकीट आलं. माझा जीव भांड्यात पडला! तो उघडून दाखवतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. तू लिहिलंस तेवढं पुरे. चौथीतल्या मुली विचारतात, "रेवाबाई कशा दिसतात?" मी सांगितलं, उंच, सावळ्या, आणि गणितात आम्हा सगळ्यांच्या वर.

सभा अठराला आहे. निकाल लागला की लगेच लिहिते.

गुलाब


बोरपेठ, ता. २० सप्टेंबर १९३४

प्रिय रेवा,

परवा सभा झाली. गावातल्या बायका सभेला कधी जात नाहीत. मी धनुबाईला बरोबर नेलं. तिची मुलगी माझ्याकडे तिसरीत आहे, आणि तिचं घर शाळेला लागून. आम्ही दोघी दाराशी बसलो.

आधी जिनवाल्यांचा अर्ज वाचला, मग आमचा. मग हिंमतराव म्हणाले, "आता तळोद्याच्या बाईंचं पत्र." चिटणिसांनी ते मोठ्यानं वाचलं. पहिल्या दोन ओळी झाल्यावर मी धनुबाईचा हात दाबला, म्हटलं, ऐक, ही माझी मैत्रीण. पुढचं वाचणं सुरू झालं तेव्हाही माझा हात तिच्या हातावरच होता. संपल्यावर कोणीतरी हसलं. जिनचे शेठ म्हणाले, "बाईंच्या मैत्रिणीलाच पटत नाही, मग आम्ही काय बोलायचं?" हात वर झाले आणि रस्ता मंजूर झाला.

बाहेर आल्यावर धनुबाई म्हणाली, "बाई, ती तुन्ही मैतरीन शे ना? मंग अशी का बरं लिखी?"

मी तिला सांगितलं की रेवा तोंडदेखलं बोलणारी नाही. तिला जे खरं वाटलं ते तिनं लिहिलं. रात्रभर मी त्यावर विचार केला आणि मला वाटतं, तुझं बरोबर असेल. मी कधी अडचणीत शिकवलेलंच नाही. तू बाजाराच्या गलबल्यात आठ वर्षं काढलीस. मला इथं सगळं आयतं मिळालं. मीही आवाज लावायला शिकेन.

फक्त एक सांगते. आधी मला एका ओळीनं कळवायचं होतंस. मी धनुबाईसमोर तशी फजीत झाले नसते.

तू आवाज कसा लावतेस, तेही सविस्तर लिही.

गुलाब


तळोदे, ता. १४ ऑक्टोबर १९३४

प्रिय गुलाब,

उत्तराला उशीर झाला. परीक्षा होत्या.

तू समजून घेतलंस हे बरं केलंस. कळवायला हवं होतं, खरं आहे. टपालाची वेळ साधता आली नाही. आणि मत मागितल्यावर ते खरंच द्यावं लागतं.

आवाजाचं म्हणशील तर गळ्यातून ओरडू नये, पोटातून काढावा. मुलींना जवळ बसवावं. सवय होते. तुझ्यासारख्या गोड आवाजाच्या बाईला थोडं जड जाईल. पण तुला सगळं साधतं, हेही साधेल.

रेवा


बोरपेठ, ता. ९ जानेवारी १९३५

प्रिय रेवा,

दिवाळीनंतर रस्ता पुरा झाला आणि महिनाभरापासून गाड्या सुरू आहेत. अकराला शाळा भरते तेव्हाच रांग लागलेली असते. एकामागून एक. खिडक्या लावल्या तर अंधार होतो, आणि दगडावरचा खडखडाट भिंतीतूनही येतोच. फळ्याच्या कडेवरचा खडू आपोआप खाली पडतो.

पोटातून आवाज काढून पाहिला. मुलींना जवळ बसवलं. पण चौसष्ट जणी किती जवळ बसणार? दुपारपर्यंत घसा सोलल्यासारखा होतो. ज्येष्ठमध चघळते, मिठाच्या गुळण्या करते. कविता शिकवणं बंद केलंय.

धनुबाई काल भेटली. म्हणाली, "बाई, मन्ही पोर घर ईसन वरडीसन बोलस. मी तिले म्हनस, मी बहिरी नही शे!" आम्ही दोघी हसलो, पण मला मोठ्यानं हसता आलं नाही, नुसतीच हवा निघाली.

एका गाडीवानाला मी विनवलं, शाळेपुरती हळू ने. झिपरू त्याचं नाव, भला माणूस. तो म्हणाला, "बाई, हळू नेवो तरी चाक लोखंडनंच शे ना." तेही खरंच.

तुझी पद्धत मला जमत नाही. चूक माझीच असणार. तू एकदा येऊन दाखवशील का?

गुलाब


रनाळे, ता. ४ फेब्रुवारी १९३५

प्रिय रेवा,

ठिकाण पाहून चकित झाली असशील. मी रूपचंददादाकडे आले आहे. पंधरा दिवसांपूर्वी वर्गात पाढे म्हणून घेत होते, सतरा आठे म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. मुलींना वाटलं, मी गंमत करते. दादानं धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. तीन महिने एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, असं त्यांनी बजावलंय. दादाशी पाटीवर लिहून बोलते.

शाळा बंद पडू नये म्हणून स्कूल बोर्डानं विचारलं, बदली कोण? मी तुझं नाव लिहून दिलं. हुकूम तुला पोचला असेलच. नाही म्हणू नकोस. त्या गोंगाटात वर्ग चालवू शकणारी मला दुसरी कोणी माहीत नाही.

मुलींची नावं आणि कोणाला काय येतं ते सोबतच्या कागदांवर लिहिलंय. तिसरीतल्या पोरी लाजतात, त्यांना आधी हसव.

गुलाब


बोरपेठ, ता. ३ मार्च १९३५

गुलाब,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. हे पत्र मी चार वेळा सुरू करून टाकून दिलं. आता शेवटपर्यंत लिहिते.

मी इथं आले तेव्हा माझ्या मनात काय होतं ते आधी सांगते. मला आनंद झाला होता. तुझ्या खुर्चीत बसायचं, तुझ्या चौसष्ट मुलींसमोर उभं राहायचं, आणि गावाला दाखवायचं की पहिला नंबर उगाच येत नाही. तुझा आवाज गेल्याचं वाचूनसुद्धा पहिल्यांदा हेच मनात आलं. ते लपवून आता काय करू?

पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली. सहा नावं झाली आणि गाड्या आल्या. मी आवाज चढवला. सातवी मुलगी उभी राहिली, तिचे ओठ हलले, मला काही कळलं नाही. मी आणखी ओरडले. तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलीनं हात वर करून मला थांबायची खूण केली. सगळ्या मुली पुस्तकावर बोट ठेवून गप्प बसल्या. गाडी गेली. मग सगळ्या एकदम वाचायला लागल्या, दोन ओळी, तीन ओळी. पुन्हा गाडी, पुन्हा बोट. हे त्यांनी आपल्या आपण शोधून काढलंय. एक मुलगी मला म्हणाली, "गुलाबबाईंचा घसा दुखू नये म्हणून आम्ही असं करायचो. पण त्या थांबायच्याच नाहीत. त्या म्हणायच्या, रेवाबाई थांबत नाहीत."

गुलाब, मी थांबते. तळोद्यात दर मंगळवारी बाराला मी वर्ग सोडून देते, कारण बाजाराच्या गलबल्यात शिकवता येत नाही. आठ वर्षं मी हेच केलं आहे.

आता पत्राचं. त्या दिवशी सकाळी तुझ्या बाजूनं तीन पानांचं पत्र मी लिहून ठेवलं होतं. चांगलं झालं होतं. पाकिटावर पत्ताही घातला होता. दुपारच्या टपालानं इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा आला, सगळ्या शाळांना पाठवलेला: बोरपेठची मुलींची शाळा पाहावी आणि तसे शिकवावे. वर्गापुढे वाचून खाली सही करून परत पाठवायचा होता. माझ्या हजर असलेल्या चौदा मुलींसमोर मी तो वाचला. एकीनं विचारलं, "बाई, त्या तुमच्यापेक्षा हुशार आहेत का?" मी सही केली, घरी गेले, पाकीट फोडलं आणि दुसरं पत्र लिहिलं. ते लिहिताना मला बरं वाटत होतं. टपालपेटीत टाकून परत येतानाही वाटत होतं.

मग तुझं पत्र आलं, माझं बरोबर असेल म्हणून. तू शिव्या दिल्या असत्यास तर कदाचित मी खरं सांगितलं असतं. तू विश्वास ठेवलास, आणि त्याचाही मला राग आला, की हिला इतकं चांगलं वागणं जमतं तरी कसं? त्याच रागात मी पोटातून आवाज काढ म्हणून लिहिलं.

मागच्या सोमवारी मी हिंमतरावांकडे गेले आणि माझं मत परत घेते म्हणाले. ते म्हणाले, "बाई, तुमच्याच पत्रावर रस्ता झाला. आता दगड उपटू का?" मी म्हटलं, दगड राहू द्या, फक्त एक तास माझ्या वर्गात येऊन बसा. बुधवारी ते आले, बरोबर जिनचे शेठ आणि आणखी दोन मेंबर. मी त्यांना मागच्या रांगेत बसवलं आणि हिंमतरावांना म्हटलं, कोणत्याही मुलीला काहीही विचारा. त्यांनी विचारलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, मग उठून तिच्या जवळ गेले, वाकले, कानाशी बोलले. तिनं उत्तर दिलं ते त्यांना ऐकू आलं नाही. पाच-सहा गाड्या जाईपर्यंत ते तसेच वाकून उभे होते. शेठ आपल्याच गाड्यांकडे खिडकीतून बघत होते.

शुक्रवारच्या सभेत मी बोलले. सप्टेंबरातलं ते पत्र मी मत्सरानं लिहिलं होतं असं सगळ्यांसमोर सांगितलं. दाराशी धनुबाई होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ठराव झाला की शाळेच्या वेळात, अकरा ते पाच, गाड्या तळ्याच्या वाटेनं जातील. कालपासून तसं सुरू झालं. झिपरू तळ्याकडे गाडी वळवताना हाक मारून गेला, "गुलाबबाईले सांगा, बैल तथाईन नेतंस आते."

तुझ्या घशासाठी हे सगळं उशिराचं आहे. मला ठाऊक आहे.

रेवा


रनाळे, ता. १९ मार्च १९३५

रेवा,

पत्र पोचलं. ज्या दिवशी आलं त्या दिवशी मी पाटी भिंतीवर आपटून फोडली. दादा धावत आला, काय झालं विचारायला लागला, आणि मला सांगता येईना. मला ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही, तेवढं तुझं नशीब.

मेट्रनचा भात, कमिटीपुढची कविता, सगळं तू मोजून ठेवलंस. मी त्यातलं काहीही मोजलं नव्हतं. तो झाकलेला भात आपण दोघींनी खाल्ला होता, हे मात्र तू लिहिलं नाहीस.

डॉक्टर म्हणतात, आवाज थोडा परत येईल. घरात बोलण्याइतका. वर्गापुरता नाही.

मी बोर्डाला राजीनामा पाठवला आणि कायमच्या जागेसाठी तुझी शिफारस केली. यात मनाचा मोठेपणा शोधू नकोस. नवी कोणी बाई आली तर पुढच्या हंगामात शेठ ठराव फिरवून घेतील, आणि तिला काही कळायचं नाही. तू भर सभेत आपलं तोंड काळं करून घेतलंस. तू आता तो ठराव मोडू देणार नाहीस.

माफी मागू नकोस. मी दिली की तुला मोकळं वाटेल. ते मला नको आहे.

गुलाब


बोरपेठ, ता. १६ जून १९३५

गुलाब,

तीन महिने लिहिलं नाही. माफी मागणार नाही, कबूल.

जागा घेतली. शाळा सुरू झाली, मुली एकोणसत्तर झाल्या. खिडक्या उघड्या असतात. सभेला दर वेळी जाते आणि धनुबाईला बरोबर नेते. शेठनं मे महिन्यात अर्ज केला होता की हंगामात दुपारी तीनपासून तरी रस्ता मोकळा करावा. धनुबाई उठून म्हणाली, "तीन वाजताले मन्ही पोर पाढा म्हनस." अर्ज मागे पडला.

आता खरं लिहिते, कारण खोटं लिहून पाहिलंय. गेल्या रविवारी बावीस मुली तुला भेटायला रनाळ्याला आल्या ना? झिपरूनं गाडी जुंपली होती. मी त्यांना निरोप द्यायला दाराशी उभी होते. डबे, फुलं, कोणीतरी विणलेला रुमाल. त्यांनी मला विचारलं, बाई, गुलाबबाईंना काय सांगू? चला तुम्हीही, असं एकीनंही म्हटलं नाही. त्यांचं काही चुकलं नाही. त्या संध्याकाळी परत आल्या आणि सोमवारी वर्गात दिवसभर तुझंच. बाई हळू आवाजात बोलल्या, बाईंनी सगळ्यांची नावं घेतली, बाईंनी आम्हाला शेंगा भाजून दिल्या.

तुझी खुर्ची माझ्याकडे आहे, शाळा माझ्याकडे आहे, आवाजसुद्धा माझाच शाबूत आहे. आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझा चेहरा मुलींना दिसू नये असं वाटलं. हेवा गेलेला नाही, गुलाब. जाईल असं वाटलं होतं. तो मी आता हातात धरून बसते, बाहेर पडू देत नाही, इतकंच जमलंय.

मी एका रविवारी रनाळ्याला येऊ का? नाही म्हणालीस तरी चालेल. पण उत्तर लिही.

रेवा


रनाळे, ता. २१ जून १९३५

रेवा,

ये. मुलींबरोबर नको, एकटी ये. मला तुला जे बोलायचं आहे ते मी त्यांच्यासमोर बोलणार नाही, आणि ते पत्रातही लिहिणार नाही. आता माझा आवाज घरात बोलण्याइतका आला आहे.

गुलाब